पुलापलीकडचं घर

मायनाऊ बेटावर जायला होडीच लागते असं नाही. दक्षिण जर्मनीतल्या कॉन्स्टान्स शहरातून बस निघते, ती सरोवराच्या काठाशी आणून सोडते आणि तिथून पायी पूल ओलांडायचा. पुलालगत पाण्यात एक ब्राँझचा क्रूस उभा आहे, १५७७ सालचा. सगळे त्याला ‘स्वीडिश क्रूस’ म्हणतात, पण तो स्वीडनचा नव्हेच. तीस वर्षांच्या युद्धाच्या अखेरीस, १६४७ मध्ये, स्वीडिश फौज बेटावर उतरली, जे हाती लागलं ते तिने लुटलं आणि हा क्रूसही उचलला. वाटेत तो का कोण जाणे टाकून दिला गेला. कुणी म्हणतं जड झाला, कुणी म्हणतं देवाचा कोप झाला. लुटारूंचं नाव मात्र क्रूसाला कायमचं चिकटलं.

त्यानंतर २८५ वर्षांनी स्वीडनमधून आणखी एक माणूस या बेटावर आला. फौज नाही, राजपदाचा हक्क नाही, सोबत नुकतीच लग्न करून आणलेली बायको. बेटाची आजची सगळी कीर्ती त्या माणसापासून सुरू होते. तिथे पोचण्याआधी मात्र सहा-साडेसहाशे वर्षांचा रस्ता आहे. त्यातला बराचसा भाग धावत गेलं तरी चालेल.

कॉन्स्टन्स सरोवर (जर्मन लोक त्याला बोडेनझे म्हणतात) जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तीन देशांच्या मध्ये पसरलेलं आहे. ऱ्हाईन नदी एका टोकाने त्यात शिरते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. पसारा ५३६ चौरस किलोमीटरचा. सरोवराच्या वायव्येकडच्या एका लांबट फाट्यात मायनाऊ आहे. क्षेत्रफळ ४५ हेक्टर, म्हणजे दादरची चार शिवाजी पार्कं एकाला एक जोडली तर जेमतेम एवढं. बेटाचा मधला भाग उंच आहे. उत्तरेकडची बाजू सावलीची, दक्षिणेकडची उतरती आणि उन्हाची. एवढं मोठं पाणी उन्हाळ्यात तापतं आणि ती ऊब थंडीत हळूहळू सोडत राहतं. त्यामुळे आल्प्सच्या उत्तरेला असूनही इथे अंजीर पिकतं आणि उन्हाळ्यात केळीसुद्धा उघड्यावर उभी राहते. बागेचं गुपित विचारलं तर माळी आधी पाण्याकडे बोट दाखवील.

१२७१ मध्ये लांगेनस्टाइन घराण्यातल्या एका सरदाराने हे बेट ट्यूटॉनिक संघाला दिलं. हा संघ म्हणजे धर्मयुद्धांतून निघालेली, संन्यस्त योद्ध्यांची जर्मन संस्था. पाचशे वर्षांहून अधिक काळ बेट त्यांच्या ताब्यात राहिलं. त्यांना बागेचं फारसं वेड नसावं. द्राक्षं, फळझाडं, शेती आणि भोवती तट, एवढं त्यांना पुरे होतं. अठराव्या शतकात मात्र हात सैल सुटला. योहान कास्पार बान्यातो या वास्तुविशारदाने १७३९ मध्ये इथलं सेंट मेरी चर्च पूर्ण केलं आणि लगेच त्याला लागून तीन पाखांचा बरोक वाडा बांधायला घेतला. १७४६ पर्यंत तोही उभा राहिला. फिकट पिवळसर-तांबूस भिंतींचा, दर्शनी कमानीवर संघाची भलीमोठी राजचिन्हं मिरवणारा हा वाडा आजही बेटाच्या माथ्यावर आहे. साठ वर्षांनी नेपोलियनने युरोपचा नकाशा ढवळून काढला, त्यात संघाची जहागीर बुडाली आणि १८०६ मध्ये बेट बाडेन संस्थानाकडे गेलं.

१८२७ मध्ये ते हंगेरीच्या प्रिन्स निकोलाउस एस्तरहाझीने विकत घेतलं. हे नाव संगीतप्रेमींना ठाऊक असेल. संगीतकार हायडन आयुष्याचा मोठा काळ याच घराण्याच्या पदरी होता आणि त्याच्या उतारवयात गादीवर हाच निकोलाउस होता. राजेसाहेबांना दुर्मीळ झाडांची हौस, आणि ती हौस पैशांकडे बघत नसे. त्याने बेटावर परदेशी रोपं लावायला सुरुवात केली. बेट ही राहण्याची जागा आहे आणि राहणाऱ्याने आधी बाग करावी, हे पहिल्यांदा त्याला सुचलं. पुढे वारसा आणि विक्रीच्या भानगडीत बेट दोन-तीन हातांतून गेलं आणि १८५३ मध्ये बाडेनचा तरुण राज्यकर्ता फ्रीडरिश याने ते उन्हाळ्यात राहायला म्हणून घेतलं.

इथे जरा थांबायला हवं.

फ्रीडरिश पहिला हा इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा एका प्रसंगापुरता येतो. १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली, तेव्हा सम्राट विल्हेल्मच्या नावाने पहिला जयजयकार केला तो याने. विल्हेल्म त्याचा सासरा. पण राज्यकारभारातून सुटका मिळाली की फ्रीडरिशचं मन मायनाऊकडे धावे. तो हौशी मालक नव्हता, झाडांतला जाणता होता. त्याने १८५६ पासून बेटाच्या पठारावर वृक्षसंग्रह उभा करायला घेतला. शोभेची बाग आणि वृक्षसंग्रह यांत मोठा फरक आहे. शोभेच्या बागेत झाड नजरेसाठी लावतात. संग्रहात ते त्याच्या जातीसाठी लावतात, त्याला पुरेपूर जागा देतात आणि ते पूर्ण वाढल्यावर कसं दिसेल याचा हिशोब करून शेजारी कुणाला बसवायचं ते ठरवतात. लेबनॉनहून सीडर आले, म्हणजे आपल्या हिमालयातल्या देवदाराचे सख्खे भाऊबंद. कॅलिफोर्नियातून महासिक्वोया आला. युरोपच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना या झाडाची ओळख होऊन तेव्हा जेमतेम दहाएक वर्षं झाली होती. जगातल्या सर्वांत अजस्र झाडाचं बी युरोपात येताच राजेरजवाड्यांत त्यासाठी चढाओढ लागली होती. ज्यांनी ती रोपं मातीत ठेवली त्यांना पुरतं ठाऊक होतं की हे झाड तारुण्यात यायलाच काही शतकं लागतात. आज वृक्षसंग्रहात सुमारे पाचशे प्रकारची झाडं आहेत आणि फ्रीडरिशच्या काळातले सिक्वोया त्यांच्यामध्ये धिप्पाड उभे आहेत. त्यांच्या हिशोबाने अजून ते पोरच आहेत.

वाड्याच्या दक्षिणेला त्याने इटालियन धाटणीची गुलाबाची बाग केली. आखीव वाफे, मांडव, पुतळे, कारंजी. इंग्रजी पद्धतीच्या मोकळ्या वृक्षसंग्रहाशेजारी ही काटकोनातली बाग. दोन्ही एकाच माणसाला आवडाव्यात याचं मला नवल वाटतं. बागप्रेमी लोकांत साधारण दोन पंथ असतात आणि ते एकमेकांच्या कुंपणातही डोकावत नाहीत. फ्रीडरिशने खजुराच्या जातीची झाडंही लावली. त्यांच्यासाठी दर हिवाळ्यात वर आच्छादन उभारायचं आणि वसंतात ते काढायचं, हा खटाटोप ओघाने आला.

१८६२ मध्ये त्याला मुलगी झाली, व्हिक्टोरिया. तिच्या जन्माची आठवण म्हणून त्याने बेटावर एक लिंडनचं झाड लावलं. जर्मन गावांत लिंडनला आपल्याकडच्या पारावरच्या वडाचा मान असतो. त्याच्याखाली बैठका होतात, न्यायनिवाडे होत, लग्नाची नाचगाणी होतात. ‘व्हिक्टोरिया लिंडन’ अजून आहे. ती मुलगी पुढे स्वीडनच्या युवराजाला दिली गेली आणि स्वीडनची राणी झाली. बेटाचं नशीब फिरलं ते या सोयरिकीने.

हे सगळं घरच्या लोकांसाठी होतं. सासरे सम्राट दर उन्हाळ्यात येत, पाहुणे येत, छायाचित्रं निघत. काठावरच्या शेतकऱ्याला झाडांचे शेंडे तेवढे दिसत. २८ सप्टेंबर १९०७ रोजी फ्रीडरिशने मायनाऊवरच देह ठेवला. त्याची विधवा लुईझ इथे येत-जात राहिली. १९१८ मध्ये जर्मनी महायुद्ध हरली, तिथली सगळी सिंहासनं काही आठवड्यांत कोसळली, तरी बेट खाजगी मालमत्ता म्हणून कुटुंबाकडेच राहिलं. १९२३ मध्ये लुईझ गेली, १९२८ मध्ये तिचा निपुत्रिक मुलगा गेला, बेट बहिणीकडे म्हणजे राणी व्हिक्टोरियाकडे आलं, आणि १९३० मध्ये तीही रोममध्ये वारली. सात वर्षांत तीन मृत्यू. ज्यांच्याकडे बेट होतं त्यांच्याकडे बागेसाठी पैसा नव्हता, आणि बहुधा उमेदही नव्हती. मालकी व्हिक्टोरियाचा दुसरा मुलगा प्रिन्स विल्हेल्मकडे गेली. तो लिहिणारा, भटकणारा माणूस. दूरच्या देशातलं रान माजलेलं बेट त्याला डोईजड झालं आणि त्याने ते एकुलत्या एका मुलाच्या, लेनार्टच्या, हवाली केलं.

लेनार्ट बर्नाडोट १९०९ चा. आई रशियन राजघराण्यातली. लेनार्ट पाच वर्षांचा असताना आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि मुलगा मुख्यतः आजी व्हिक्टोरियाच्या शिस्तीत वाढला. मायनाऊ त्याला तिच्यामुळेच ठाऊक. बाविसाव्या वर्षी त्याने घरच्यांच्या डोक्याला ताप दिला. स्टॉकहोममधल्या एका व्यावसायिकाच्या मुलीच्या, कारिन निसव्हांटच्या, तो प्रेमात पडला. राजघराण्याबाहेरच्या मुलीशी लग्न करणाऱ्या राजपुत्राचा गादीवरचा हक्क जाईल, असा स्वीडनचा तेव्हाचा कायदा. आजोबा राजे गुस्ताव्ह पाचवे अडून बसले. ११ मार्च १९३२ रोजी लंडनमध्ये नोंदणी पद्धतीने लग्न झालं आणि राजपुत्र लेनार्टचे नुसते श्रीयुत बर्नाडोट झाले.

यातली गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हे बर्नाडोट घराणं काही सूर्यवंशातून आलेलं नाही. त्याचा मूळपुरुष दक्षिण फ्रान्समधल्या पो गावच्या एका वकिलाचा मुलगा. फ्रान्सच्या राजाच्या सैन्यात शिपाई म्हणून भरती होऊन तो पुढे नेपोलियनचा सेनापती झाला आणि स्वीडनला वारस हवा होता म्हणून १८१० मध्ये त्याची निवड झाली. त्याची राणी देझिरे ही मार्सेच्या रेशीमव्यापाऱ्याची मुलगी. सव्वाशे वर्षांत त्याच घराला व्यावसायिकाची मुलगी चालेनाशी झाली.

असो. लेनार्ट आणि कारिन मायनाऊला आले तेव्हा समोर जंगल होतं. रस्ते झुडपांनी गिळलेले, वाड्यात आधुनिक सोयींचा पत्ता नाही, झाडांना वर्षानुवर्षं कात्री लागलेली नाही. पणजोबांच्या वृक्षसंग्रहात मोठी झाडं लहानांना दाबत होती. तरुण मालकाला आधी लावण्याऐवजी तोडावं लागलं. आणि उत्पन्न शून्याच्या जवळ. शेती होती, पण तिच्यावर वाडा चालत नाही. विकून टाकावं, हा सल्ला देणारे कमी नसणार. लेनार्टने दुसरा मार्ग घेतला. त्याने पुलाचं फाटक उघडलं आणि आत येणाऱ्याला तिकीट लावलं.

आज हे वाचताना काही विशेष वाटत नाही. आपल्याकडेही राजवाड्यांची हॉटेलं झाली, दिवाणखान्यांत वस्तुसंग्रहालयं आली. पण १९३० च्या दशकात, जर्मनीत, एका माजी राजपुत्राने आपल्या राहत्या घराच्या अंगणात परके लोक पैसे घेऊन सोडावेत हे नातलगांना नक्कीच रुचलं नसेल. वाड्याच्या खिडकीतून खाली पाहिलं की गुलाबाच्या वाफ्याभोवती सहकुटुंब डबा खाणारी मंडळी दिसणार. त्याने ते मान्य केलं. आपण घर वाचवायला घर उघडतो आहोत, एवढा व्यवहार त्याला स्पष्ट दिसत होता. तो छायाचित्रकार होता, माहितीपटही काढत असे. लोक काय पाहायला येतात, कुठे थबकतात, हे त्याच्या डोळ्यांना कळत असावं. राजवाडा पाहायला आलेला माणूस एकदाच येतो. फुलं पाहायला आलेला पुन्हा येतो, कारण एप्रिलची बाग सप्टेंबरात नसते. मायनाऊचं ‘फुलांचं बेट’ झालं ते या हिशोबातून.

मग युद्ध आलं. लेनार्ट कुटुंबासह स्वीडनला गेला आणि बेट भाड्याने नाझी राजवटीच्या वापरात गेलं. हा भाग बेटाच्या माहितीपुस्तिकांत फार वर्षं दोन ओळींत उरकला जाई. १९४४ च्या उत्तरार्धात फ्रान्स मुक्त झाला तेव्हा हिटलरशी हातमिळवणी केलेले फ्रेंच पुढारी जीव वाचवायला जर्मनीत पळाले. त्यांतला एक झाक दोरिओ, एकेकाळचा कम्युनिस्ट आणि नंतरचा कट्टर फॅसिस्ट, आपल्या लोकांसह मायनाऊवर येऊन राहिला. सरोवराकाठच्या त्या बागांमध्ये बसून पॅरिसला परतण्याचे बेत चालत. २२ फेब्रुवारी १९४५ रोजी तो मोटारने निघाला असताना मेंगेन गावाजवळ विमानातून झालेल्या गोळीबारात मारला गेला.

तीन महिन्यांत त्याच खोल्यांत दुसरेच फ्रेंच आले. डाखाउ छळछावणीतून जिवंत सुटलेले, टायफसने आणि उपासमारीने खंगलेले कैदी. फ्रेंच सैन्याने मायनाऊ आणि शेजारचं राइशेनाऊ बेट त्यांच्यासाठी ताब्यात घेतलं. राइशेनाऊच्या गावकऱ्यांना घरं रिकामी करावी लागली. मायनाऊच्या वाड्यात इस्पितळ झालं. उन्हाळा होता. बाहेर, निगा नसली तरी, गुलाब फुलले असणार. त्या उन्हाळ्यात तिसाहून अधिक जण बेटावर वारले. छावणीतून सुटले आणि बागेत मेले. त्यांच्या स्मरणाचा दगड बेटावर बसायला या शतकाचं दुसरं दशक उजाडावं लागलं. फ्रीडरिशच्या लिंडनला पाटी आहे, सिक्वोयाला पाटी आहे. या माणसांसाठी इतकी वर्षं का लागली, हा प्रश्न मायनाऊच्या वाटचालीत राहू द्यावा. तो झाकला तर उरलेलं सगळं नुसतं पर्यटनपत्रक होईल.

युद्धानंतर लेनार्ट परतला आणि दुसऱ्यांदा सुरुवात केली. १९५१ मध्ये लक्झेंबर्गच्या ग्रँड डचेसने त्याला काउंट ही पदवी दिली, तेव्हापासून जर्मन लोक त्याला ‘ग्राफ लेनार्ट’ म्हणू लागले. त्याच सुमारास सरोवराच्या पूर्वेकडच्या लिंडाउ या गावातले दोन डॉक्टर, फ्रान्त्स कार्ल हाइन आणि गुस्ताव्ह पाराडे, त्याच्याकडे एक कल्पना घेऊन आले. युद्धाने जर्मन विज्ञान जगापासून तुटलं होतं. नोबेल मानकऱ्यांना दरवर्षी लिंडाउला बोलावता येईल का? हा पूर्वाश्रमीचा स्वीडिश राजपुत्र, त्याचं नाव स्टॉकहोममध्ये चालत होतं. पहिल्या सभेला सात मानकरी आले. दोन वर्षांनी विद्यार्थ्यांनाही बोलावलं जाऊ लागलं आणि त्यानंतर या मेळाव्याला खरं रूप आलं. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी बोटीने मायनाऊला यायचं, बागेत जेवायचं, हा रिवाज पडला तो आजतागायत चालू आहे.

१५ जुलै १९५५ चा असाच एक दिवस. ऑटो हान आणि माक्स बोर्न यांनी पुढाकार घेऊन अण्वस्त्रांच्या वापराविरुद्ध एक जाहीरनामा तयार केला. हानने अणुकेंद्रकाचं विभाजन शोधलं होतं, त्यामुळे त्याच्या सहीला वेगळंच वजन होतं. बोर्नला भारत अपरिचित नव्हता. हिटलरच्या राजवटीने प्राध्यापकी काढून घेतल्यावर तो सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून १९३५-३६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काही महिने होता. जाहीरनाम्यावर सुरुवातीला अठरा मानकऱ्यांनी सह्या केल्या, वर्षभरात बावन्न झाल्या. आइनस्टाइन आणि रसेल यांचं आवाहन त्याआधी सहाच दिवस लंडनमध्ये प्रसिद्ध झालं होतं. दोन्हींचा सूर एकच होता, पण एकाला त्याच्या कर्त्यांचं नाव मिळालं आणि दुसऱ्याला एका बागेचं. साठ वर्षांनी, ३ जुलै २०१५ रोजी, याच बेटावर हवामानबदलाविषयीचा दुसरा जाहीरनामा निघाला. त्यावर पहिल्या दिवशी सही करणाऱ्या छत्तीस जणांत आपले कैलाश सत्यार्थी होते.

लेनार्टला स्वतःला मात्र जास्त ओढ दुसऱ्या कामाची होती. १९५५ मध्ये तो जर्मन बागकाम संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १९८२ पर्यंत त्या खुर्चीवर होता. त्या वर्षांत पश्चिम जर्मनी झपाट्याने पुन्हा उभी राहत होती. कारखाने, रस्ते, घरं. नद्यांवर फेस तरंगे, रूहर खोऱ्यात वाळत घातलेले कपडे काजळीने काळे होत. मायनाऊवर दरवर्षी अभियंते, डॉक्टर, नगररचनाकार, माळी आणि सरकारी अधिकारी एकत्र बसवून चर्चा होत. २० एप्रिल १९६१ रोजी तिथून ‘मायनाऊची हरित सनद’ बाहेर पडली. हवा, पाणी, माती यांवर माणसाचं आरोग्य आणि प्रतिष्ठा अवलंबून आहे, विकासाच्या आराखड्यात निसर्गाला कायद्याने जागा हवी, असं सांगणारी ती सनद होती. जर्मन पुढारी विली ब्रांटने रूहरवर निळं आकाश हवं ही गाजलेली मागणी केली ती त्यानंतर आठवड्याभराने. रेचल कार्सनचं ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पर्यावरणावरचं पुस्तक यायला अजून वर्ष होतं. जर्मनीचा निसर्गसंरक्षणाचा केंद्रीय कायदा १९७६ मध्ये आला.

सनद बेटावर लिहिली गेली हे मला योगायोगाचं वाटत नाही. जिथे पंचेचाळीस हेक्टरांत प्रत्येक झाडामागे कुणीतरी हिशोब केलेला आहे, तिथे बसल्यावर काठापलीकडची बेहिशेबी वाढ डोळ्यांत खुपणारच. पण टोचणीही आहे. तिकीट काढून येणारे लाखो लोक मोटारींतूनच येत होते आणि त्यांच्या वाहनतळासाठी काठावरची जमीन लागत होती. बेटाला आपल्या यशाची सावली अंगावर घ्यावी लागली.

घरातही बदल झाले. कारिनशी फारकत झाली. १९७२ मध्ये लेनार्टने सोन्या हाउन्त्स या बेटावरच काम करणाऱ्या तरुणीशी दुसरं लग्न केलं. तो बासष्टाचा, ती सत्तावीसची. लोकांनी काय म्हटलं असेल ते सांगायला नको. पुढची तीन दशकं बेटाचा कारभार मोठ्या प्रमाणात तिने ओढला आणि नोबेल मेळाव्याची सूत्रंही १९८९ पासून सांभाळली. लग्नानंतर दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, लेनार्टने बेटासाठी न्यास केला. पहिल्या लग्नाची चार मुलं, दुसऱ्याची पाच. अशा घरात बेटाच्या वाटण्या झाल्या असत्या तर काय झालं असतं हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. मधोमध भिंत घातलेले, तीन चुली आणि पाच कोर्टकज्जे असलेले वाडे आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. कागदावर बेट न्यासाचं आणि कंपनीचं झालं, कुटुंब त्याचं चालक झालं. वाड्यातलं घर मात्र राहिलं.

लेनार्ट २१ डिसेंबर २००४ रोजी वारला, पंच्याण्णव वर्षांचा होऊन. सोन्या २००८ मध्ये गेली. त्यांची मुलगी बेट्टिना हिने २००७ पासून कारभार घेतला होता, पुढे भाऊ ब्योर्न बरोबरीने आला. आईमागोमाग नोबेल मेळाव्याचं अध्यक्षपदही तिच्याकडे आलं.

आज वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक येतात. बेट वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. ही वेळ मला फार आवडते, कारण ती कचेरीतल्या घड्याळाने न ठरता आकाशाने ठरते. १९९६ मध्ये फुलपाखरांचं काचघर झालं. मुलांसाठी खेळायला जागा आहे, खायला-प्यायला आहे, आणि फुलांनी मढवलेला एक अवाढव्य मोरही आहे. त्या मोराविषयी माझं मत फारसं बरं नाही. ज्याच्या वृक्षसंग्रहात एकेक झाड शंभर वर्षांचा विचार करून ठेवलंय, त्याच्या अंगणात तो जरा जत्रेतल्या कमानीसारखा वाटतो. पण मोरापाशी फोटो काढणाऱ्या पोराच्या तिकिटावर सिक्वोयांची निगा चालते, हेही खरं. १९३२ चा व्यवहार अजून तोच आहे.

बाग ऋतूनुसार सरकत जाते. मार्चमध्ये अजून गारठा असताना काचघरात ऑर्किडं असतात. एप्रिल-मेमध्ये वाटांच्या कडेने ट्युलिप, नार्सिसस, हायसिंथ यांचे लाखो कंद फुलतात. त्या मागोमाग ऱ्होडोडेंड्रॉन, आणि जूनमध्ये गुलाब. वृक्षसंग्रहाजवळ मेटासिक्वोयांची एक रांग आहे. हे झाड शास्त्रज्ञांना आधी जीवाश्मांत सापडलं, ते नामशेष झालं अशी समजूत होती आणि १९४० च्या दशकात चीनमध्ये ते जिवंत सापडलं. बियाणं जगभर वाटलं गेलं, १९५० च्या दशकात ते इथे रुजलं. फ्रीडरिशच्या काळी जी नवलाई महासिक्वोयाची होती, ती नातवाच्या मुलाच्या काळी याची झाली.

आणि सप्टेंबरात डेलिया. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन पाहणाऱ्यांना डेलियाचा थाट नवा नाही. इथे त्याची २५० हून अधिक वाणं आणि बारा हजारांच्या आसपास झाडं दक्षिणेच्या उतारावर ओळीने लावलेली असतात. फूल मूळ मेक्सिकोचं. माद्रिदच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये त्याला आंदेर्स डाल याचं नाव दिलं. डाल हा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेअसचा शिष्य, स्वीडिश. पुलाशी पाण्यात स्वीडिश नावाचा क्रूस, उतारावर स्वीडिश नावाचं फूल. आलेल्या लोकांना मतपत्रिका देतात आणि त्या वर्षीची डेलियाराणी निवडायला लावतात. तासन्‌तास लोक वही हातात धरून दोन लालांमधला फरक पाहत उभे असतात. ज्या बेटावर पाचशे वर्षं संघाच्या मर्जीशिवाय पान हललं नाही, तिथे आता राणी मतदानाने ठरते.

डेलियाला गोठण सोसत नाही. ऑक्टोबरात पहिली कडक थंडी पडली की एका रात्रीत पानं काळी पडतात. मग माळी देठ वीतभर उंचीवर छाटतात, कंद खोदून काढतात, माती झटकतात, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी बांधतात आणि थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवतात. बारा हजार कंद, बारा हजार चिठ्ठ्या. उघड्या पडलेल्या वाफ्यांना हिवाळाभर विश्रांती. मे महिन्यात गोठणाची भीती सरल्यावर कंद पुन्हा मातीत जातात. जून संपता संपता लिंडाउहून मानकऱ्यांची बोट धक्क्याला लागते, तेव्हा त्या उतारावर नुसती हिरवी पानं असतात.